भावजी, गाडी सुरू होत नाही

त्या रविवारी मी तीन कप चहा टाकला होता. अंगणात जुनं वर्तमानपत्र पसरून, त्यावर पाना, पक्कड आणि मोटारसायकलचा काढलेला प्लग मांडून हे बसले होते, आणि डोळे फाटकाकडे. रोह्याहून येणारे अनंतभावजी अजून पोचले नव्हते. फोन वाजला तो त्यांच्याच घरून. त्यांची बायको सुनंदा एवढंच म्हणाली, "वयनी, आमचे हे सकाळी उठलेच नायत हो…" मी पदराला हात पुसत अंगणात गेले आणि यांना सांगितलं. यांनी प्लग उचलला, फुंकला, जागच्या जागी बसवला, वर त्याची टोपी दाबली आणि किक मारली. गाडी एका किकला सुरू झाली. मी मागे बसले आणि आम्ही रोह्याला निघालो. वडखळ मागे पडलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की वर्षानुवर्षं रविवारी सकाळी जी गाडी म्हणून सुरू व्हायची नाही, ती आज भावजींचा हात न लागता सुरू झाली आहे. यांच्या ते लक्षातही नव्हतं. माझा हात यांच्या खांद्यावर होता आणि तो खांदा थरथरत होता. खरं सांगायचं तर रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की माझ्यासाठी हा खांदा असा कधी हलेल का.

अनंतभावजी नात्याचे कुणी नव्हेत. आमच्या लग्नाआधी हे रोह्याजवळच्या एका कंपनीत कामाला होते, तेव्हा दोघं एका खोलीत राहायचे. शिफ्ट एक, डबा एक, आणि दोघांनी मिळून शोधून आणलेली ही लाल टाकीची जुनी मोटारसायकल. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागतं अशी, आता रस्त्यावर क्वचितच दिसते. सुट्टीच्या दिवशी दोघं तिच्यावरून कोलाडला वडे खायला जायचे, त्या वड्यांचं कौतुक मी इतकं ऐकलंय की मला आजतागायत तिथला वडा गोड लागलेला नाही. मग आमचं लग्न झालं. मी पेणला शाळेत शिक्षिका, म्हणून हे कंपनी सोडून इथल्या एका पतपेढीत चिकटले. भावजी रोह्यालाच राहिले. दुसऱ्यांच्या लग्नात नवऱ्याला गाडी मिळते. माझ्या लग्नात गाडी आधीच आलेली होती, आणि तिच्यामागून दर रविवारी हा मित्र. शेजारणी चिडवायच्या, "गाडी म्हणजे तुझी सवत गो." मी म्हणायचे, गाडीचं काही नाही, ती बिचारी मुकी आहे.

आमचे हे म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरलेला माणूस. सकाळी "चहा", निघताना "येतो", रात्री "दिवा घालव". एवढ्यावर आमचा संसार उत्तम चालला होता, मी तक्रार करत नाही. वर्गात दिवसभर बोलून आल्यावर मलाही शांतता बरी वाटायची. पण रविवारी पॅसेंजर पेणला लागली, की अर्ध्या तासात फाटक वाजायचं, हातात कडव्या वालांची पिशवी घेऊन भावजी आत यायचे, आणि माझ्या नवऱ्याला वाचा फुटायची. भावजी बसायचे ते रंग भरून येणाऱ्या एका पत्र्याच्या डब्यावर. हा डबा माझा. माझ्या माहेरी, हमरापूरला, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. तिथून रिकामा झालेला हा मोठा डबा मी अबोली लावायला म्हणून आणला होता. भावजींनी एका रविवारी तो उपडा केला, त्यावर बूड टेकलं, आणि डबा त्यांचा झाला. अबोली मी शेवटी फुटक्या बादलीत लावली.

भावजींची गाडी तपासायची पद्धत मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून इतकी पाहिलीय, की झोपेत सांगेन. आल्या आल्या पान्याला हात लावायचा नाही. आधी विचारपूस, म्हाताऱ्या वैद्यासारखी. "मोन्या, काल बंद झाली ती कशी? आपली आपण, का तू केलीस?" "किक जड लागते का हलकी?" "चालताना मध्येच दम टाकत होती का?" मग पेट्रोल खाली येतंय का ते बघायचं. मग प्लग काढायचा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर ठिणगी पडत नाही. ओला असला की पुसून, टोपीत घालून, इंजिनाला टेकवून किक मारायची आणि ठिणगी निळी येते का पिवळी ते दोन डोकी जुळवून बघायचं. त्यातही काही निघालं नाही तर कार्बोरेटर. आणि या सगळ्याच्या मध्ये मध्ये, कुणालाही कळणार नाही अशा बेताने, भावजींचे प्रश्न गाडीवरून माणसावर यायचे. "झोप लागते का तुला?" "आईचं दुखणं काय म्हणतं?" आणि हे सांगायचे. प्लगवरची काजळी खरवडत खरवडत सगळं सांगायचे. आपल्या आईला आता आपली ओळख पटत नाही, हे यांना किती लागलंय, ते मला त्या खिडकीत कळलं. मी त्याच आईला दोन्ही वेळा भरवत होते, पण मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी मी वाल सोलत होते. बाहेर कार्बोरेटर उघडून ठेवलेला. हे म्हणाले, "अलिबागच्या शाखेत म्यानेजर म्हणून जा म्हणत होते. नाय म्हणून सांगितलं." भावजींनी विचारलं, "का रे?" हे म्हणाले, "तिची शाळा हाय इथं. तिला मुलं सोडून जायला जीवावर येईल." मी हातातला वाल तसाच धरून उभी राहिले. माझ्यासाठी एवढी मोठी गोष्ट सोडली या माणसाने, आणि सांगितली कुणाला, तर डब्यावर बसलेल्या माणसाला… दुसऱ्या कुठल्याही बाईला त्या दिवशी नवऱ्याचं प्रेम दिसलं असतं. मला भावजींची पाठ दिसत होती. ती पाठ माझ्या आणि त्या वाक्याच्या मध्ये होती. त्या दिवशी मी भावजींच्या चहात साखर घातली नाही. त्यांनी तो मुकाट्याने संपवला आणि जाताना म्हणाले, "वयनी, चहा झ्याक होता."

मग माझ्या भाचीच्या साखरपुड्याचा दिवस आला. तोही रविवारच. अकराला हमरापूरला पोचायचं होतं. मी नवी साडी नेसून, आहेराची पिशवी घेऊन तयार, आणि हे दोघं अंगणात. कार्बोरेटर धुऊन परत बसवून झाला होता, प्लग दोनदा पुसून झाला होता, किका मारून झाल्या होत्या, आणि आता दोघं पॉइंटमध्ये कचरा असेल का याची चर्चा करत होते. मी माहेरी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत वाढलेली बाई. केसभर चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. मी बाहेर गेले, पिशवी डब्यावर ठेवली, कारण भावजी तेव्हा उठून उभे होते, आणि वाकून पेट्रोलचा कॉक उघडला. तो बंद होता. जरा थांबले, साडीचा काठ वर धरला आणि किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा आवाज झाला. माझ्या आयुष्यात मला इतकं बरं फार कमी वेळा वाटलंय.

भावजी हात पुसत म्हणाले, "वयनी, कॉक बंद हाय ते तुम्हाला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "तुम्हाला नव्हतं?"

ते हसले आणि खाली बघू लागले. हे गाडीकडे बघत राहिले. आणि तेव्हा मला उमगलं की दोघांनाही ठाऊक होतं. ज्यांनी ती गाडी डोळे मिटून खोलली आणि जोडली, त्यांना कॉक दिसला नसेल हे शक्यच नव्हतं. गाडी सुरू झाली की भावजींनी घरी जायचं, एवढाच त्यातला नियम होता. त्याप्रमाणे ते लगेच निघाले. दुपारचं जेवणसुद्धा घेतलं नाही.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शिफ्ट आहे म्हणाले, पण रविवार मोकळा मिळावा म्हणून आजवर दुसऱ्याच्या रात्रपाळ्या अंगावर घेणारा हा माणूस, तो शिफ्टला भिणार होता थोडाच. मी जिंकले होते. अंगण माझं, डबा माझा, आणि नवराही माझाच, अगदी पूर्वीसारखा, "चहा", "येतो", "दिवा घालव". आता तर त्यातला "येतो"ही गळला. अशा नवऱ्याचं करायचं काय, मला सुचेना. शेवटी एका संध्याकाळी मीच रोह्याला फोन लावला. म्हटलं, "भावजी, गाडी सुरू होत नाही." मग त्यांनी गंभीर आवाजात विचारलं, "कॉक बघितलात का?" मी म्हटलं, "बघितला. उघडा आहे. तुम्हीच या." ते आले. मी भजी केली आणि खिडकीशी उभी राहून पुन्हा जळत बसले. ज्याचा हेवा करायचा त्यालाच आवतण द्यायचं, असं माझं नशीब.

भावजी गेले त्या दिवशी रोह्याला, सगळं उरकल्यावर, सुनंदा माझ्याशेजारी येऊन बसली. फारशी न बोलणारी, साधी बाई. मी काही धीराचे शब्द शोधत होते, तर तिनेच हळू आवाजात विचारलं, "वयनी, तुमच्याकडं आले म्हंजे ते बोलायचे का?"

मी म्हटलं, "खूप."

"घरात नाय बोलायचे," ती म्हणाली. "रविवारी सकाळी मात्र अंघोळ करताना गुणगुणायचे." तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. इतकी वर्षं मला वाटत होतं की या दुखण्याची मी एकटीच धनीण आहे. रोह्यात दुसरं घर होतं, तिथेही एक बाई दर रविवारी गाडीची वेळ झाली की पेणच्या नावाने बोटं मोडत होती, आणि कदाचित माझ्याही. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

त्यानंतरचे रविवार मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. हे सकाळी उठायचे, अंगणात जायचे, किक मारायचे. गाडी एका किकला सुरू व्हायची. हे ती बंद करायचे आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. इतक्या वर्षांत जी गाडी कधी धड वागली नाही तिला आताच हे शहाणपण सुचलं होतं. जेवण कमी झालं, दाढी वाढली. आमची सासरी असलेली मुलगी फोनवर म्हणाली, बाबांना डॉक्टरकडे ने. मला कळत होतं की डॉक्टर यांना विचारील, काय होतंय, आणि हे सांगतील, काय नाय.

म्हणून मागच्या शनिवारी संध्याकाळी, हे बाजारात गेलेले असताना, मी प्लगची टोपी उपसून जराशी वर ठेवली. लांबून बघणाऱ्याला ती बसलेलीच वाटावी इतपत.

रविवारी हे अंगणात गेले. मी खिडकीत होते. किक मारली, आवाज नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली आणि हे थबकले. खाली वाकले. हात सरळ टोपीकडे गेला, तिथे पोचला आणि थांबला. मग हे हळूहळू सरळ झाले, खिडकीकडे एकवार बघितलं, पडवीतून जुनं वर्तमानपत्र आणलं आणि पसरलं. पाना ठेवला. पक्कड ठेवली. टोपीला हात लावला नाही.

मी दोन कप चहा घेऊन बाहेर गेले आणि डब्यावर बसायला वाकले.

"तिथं नको," हे म्हणाले. "तो अंत्याचा हाय."

डबा माझ्या माहेरचा. जिभेवर आलं होतं, गिळलं. यांनी पडवीतून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, मी तीवर बसले. चहा निवत चालला होता. मग मी विचारलं, जसं अनेकदा ऐकलं होतं तसंच, "काल बंद झाली ती कशी? आपली आपण, का तुम्ही केलीत?"

हे बराच वेळ पान्याशी चाळा करत होते. मग म्हणाले, "मीच केली…" आणि थोड्या वेळाने, "शेवटच्या रविवारी त्याला घाम फुटला होता गो. मी म्हटलं, ऊन हाय, सावलीत सरक. तो सरकला. मला वाटलं, ऊनच हाय."

मी म्हटलं, "मलाही ऊनच वाटलं होतं."

मग हे बोलत राहिले. ऊन अंगणातून पायरीवर आलं तरी बोलत होते. रोह्याची खोली, पावसात कुंडलिकेच्या पुलावर बंद पडलेली गाडी, अंत्याने ती ढकलत आणली आणि यांना पायसुद्धा खाली टेकू दिला नाही कारण यांना ताप होता… माझ्या नवऱ्याने लग्न झाल्यापासून माझ्याशी एका बैठकीत इतकं बोलण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्यातला शब्दन् शब्द भावजींविषयी होता. मी मध्ये बोलले नाही. गाडीला तर आम्ही दोघांनीही हात लावला नाही.

जेवायला उठलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. यांनी तो डबा दोन्ही हातांनी उचलला, पडवीत नेऊन कोरड्या कोपऱ्यात ठेवला, वर फडकं टाकलं. माझी खुर्ची अंगणातच राहिली.