गंगाबाईंच्या भिंतीवरचा पंजा

विषय : लातूर येथील भाड्याच्या इमारतीतील उघड्या विटांची भिंत व सागवानी दार रंगवावे किंवा कसे.

संदर्भ : घरमालकीण गंगाबाई यांचा अर्ज.

नोकरीत फायली निकाली निघतात, किस्से मात्र साचत जातात. माझे सगळे एकाच भिंतीपाशी साचले.

जिल्हा नवा झाला तेव्हा उस्मानाबादहून ट्रकभर फायली आल्या, पण त्या ठेवायला इमारत नव्हती. म्हणून गंगाबाईंचं घर भाड्यानं घेतलं. पुढे आमचं ऑफिस, मागच्या खोलीत त्या. साहेबांनी रुजू होताच हुकूम सोडला, "जिल्हा नवा आहे, ऑफिस जुनं दिसता कामा नये. विटांना डिस्टेंपर, दाराला ऑइल पेंट."

गंगाबाई म्हणाल्या, "दार रंगवा साहेब. ह्या भितीला तेवढं रंग लावू नका. माझ्या सरूचा हात हाय तिथं."

वास्तुशांतीला लहानग्या सरूनं त्या विटांवर हळदीचा पंजा उमटवला होता. पुढे दुष्काळात गाव सोडून निघालेल्यांची स्टँडवर झुंबड उडाली. त्या गर्दीत तिचा हात आईच्या हातातून सुटला. ती पुन्हा सापडली नाही. आईकडे एवढा पंजाच उरला होता.

"अर्ज करा," साहेब म्हणाले. अर्ज मीच लिहून दिला. तो विचाराधीन असतानाच भिंत रंगवून झाली.

*

थोड्याच दिवसांत रंगातून पिवळा पंजा वर आला. साहेबांनी शेरा मारला, 'ओल'. त्या वर्षी शहरात टँकरपाशी भांडणं चालली होती, विहिरींचे तळ उघडे पडले होते. ओल तेवढी आमच्या भिंतीला!

पुन्हा रंग द्यायला चाकूरचे रहीमभाई पेंटर आले. त्यांनी पंजावर बोटं ठेवली आणि काढून घेतली. "साब, डाग वर येतो तर जेवढा होता तेवढाच येतो. ह्यो वाढून आलाय."

*

दाराची वरची कडी आम्ही आतून लावायचो आणि गंगाबाईंच्या खोलीतून बाहेर पडायचो. एका सोमवारी कडी निघालेली. साहेब शिपाई भुजंगवर घसरले.

"त्याला कशाला बोलता?" गंगाबाई म्हणाल्या. "सरूचा हात पुरत नव्हता कडीला. आता पुरत असंल."

त्या दिवसापासून साहेब दाराकडे पाठ करून बसले नाहीत.

*

साहेब बदलत गेले. प्रत्येकानं रुजू व्हावं, हार घ्यावा, भिंत रंगवावी. दर रंगाला पंजा थोडा मोठा होऊन वर येई. एकदा मनगटापाशी बांगड्यांच्या रेघाही उमटल्या. गंगाबाईंनी त्यावर आपला हात टेकवून पाहिला. तंतोतंत बसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. "लेकीचं झालं लग्न. कुठं का असंना."

भुजंगनं हात पुढे केला, मागे घेतला, आणि मग घरच्यांसाठी एक जास्तीचा मागितला. मीही खाल्ला. चांगला होता.

*

माझ्या निवृत्तीआधी भिंतीला शेवटचा रंग दिला गेला. त्याही वर्षी पाऊस नव्हता. गंगाबाईंना आता नीट दिसत नसे. रंग वाळल्यावर त्या भिंत चाचपत आल्या. मोठा पंजा जागेवर होता. त्या हात फिरवत खाली बसल्या, आणि गुडघ्याच्या उंचीवर त्यांची बोटं थांबली.

तिथं एक इवलासा पंजा होता. हळद ओली होती, त्यांच्या बोटांना लागली.

त्यांनी ती बोटं पुसली नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ, अर्ज लिहा. खालची भित पण मोकळी सोडा म्हणावं. आन् दाराला कडी लावत जाऊ नका. लेकराला पुरायची न्हाई."

मी लिहिलं, त्यांनी अंगठा उठवला. कागदावर शाईच्या शेजारी थोडी हळदही उमटली. अर्ज साहेबांपुढे ठेवला.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.