घळीचा मोडका बांबू

आमच्या बाबांना मोडकी वस्तू बघवत नसे. छत्रीची काडी निसटली की सुतळी, बादलीचा कान तुटला की तार, आणि माझं तोंड वाजायला लागलं की "गप गो बाय!" एवढ्यावर त्यांची सगळी दुरुस्ती चाले. ते रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. नोकरीतला सूर घरीही सुटत नसे. आईनं भात उतरवला की मधल्या खोलीत उभे राहून ते पुकारत, "राजापूरमार्गे नाटे गाडी फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी ताटावर बसून घ्यावं!" आणि आम्ही बसत असू.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी आय.टी.आय.मध्ये ड्राफ्ट्समनच्या वर्गात होते. "पोरगी, आणि ड्राफ्ट्समन?" असं विचारून लोक हसायचे. हसू देत. मला टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर आणि टोकदार पेन्सिल यांच्यापलीकडे जग नको होतं. बाबांना मात्र मी डी.एड. करून मास्तरीण व्हायला हवं होतं. बाईमाणसाला शाळेची नोकरी बरी, सुट्टीही मिळते, हे त्यांचं पालुपद. आता माझा स्वभाव बघा. शेजारचं पोर रडायला लागलं तरी माझं डोकं उठायचं. वर्गभर पोरं माझ्या ताब्यात दिली असती तर त्यांचंही वाटोळं झालं असतं आणि माझंही.

यावरून घरात रोज खडाजंगी. शेवटी कोल्हापूरच्या एका स्पर्धेनं तोड काढली. शेतीचं एखादं अवजार सुधारून त्याचं तांत्रिक रेखाटन पाठवायचं होतं. बाबा म्हणाले, "बक्षीस आणलंस तर कर तुझं ड्रॉइंग. नाय आणलंस तर जूनपासून डी.एड., आणि मग कुरकुर ऐकून घेणार नाय. ही माझी अट." मी तावातावानं हो म्हटलं. नाही म्हणायला दुसरा रस्ता तरी कुठं होता?

मी घळ निवडली. घळ म्हणजे आंबे उतरवायची लांब बांबूची काठी. तिच्या टोकाला लोखंडी कडं आणि कड्याला जाळी. घाटावर तिला झेला म्हणतात. साध्या घळीनं आंबा ओढला की देठ मुळापासून तुटतो, चीक फळावर ओघळतो आणि साल डागळते. मी कड्याला हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा अशा बेतानं बसवला की थोडा देठ राखून आंबा अलगद जाळीत पडावा. बाबांनी ती घळ आमच्या दगडी गडग्याआतल्या आंब्याच्या कलमावर चालवून पाहिली. आंबा हातात घेतला, देठाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालते." बाबांच्या तोंडून "चालते" निघणं म्हणजे दुसऱ्यानं गळ्यात हार घालण्यासारखं होतं. मी दिवसभर हवेत होते.

मग चित्र. शेजारच्या चाचींच्या मुलानं दुबईहून आणलेलं काळ्या शाईचं पेन मागून घेतलं आणि ट्रेसिंग पेपरवर बसले. कडं, जाळी, पातं, स्क्रू, सगळे सुटे भाग एका ओळीत. आई डोकावून म्हणाली, "अगो, चांगल्या वस्तूचे तुकडे कशाला केलेस?" पण खरी पंचाईत बांबूची. तो आमच्या पडवीत मावत नसे, कागदावर कुठला मावायला! त्यावर ड्रॉइंगमध्ये साधा उपाय असतो. लांब वस्तूचा मधला भाग गाळायचा, दोन्ही टोकं जवळ आणायची आणि तोडलेल्या जागी नागमोडी रेघ काढायची. जाणणारा समजतो की काठी अखंड आहे, फक्त मधली दाखवलेली नाही. मी तसंच केलं. सरांनी पाठ थोपटली.

मुदत तोंडावर आलेली. पोस्टाचा भरवसा नको म्हणून बाबा म्हणाले, "कोल्हापूर गाडीचा ड्रायव्हर आपलाच आहे, हातोहात पोचवेल." मी चित्र पुठ्ठ्याच्या नळीत घालून त्यांच्या हातात दिलं.

निकालाच्या दिवशी आम्ही दोघं कोल्हापूरला गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हॉलमध्ये चित्रं टांगलेली. माझं दिसलं आणि मी जागच्या जागी थिजले.

बांबू अखंड होता. नागमोडी रेघांच्या मधली मोकळी जागा निळ्या बॉलपेननं, पट्टी लावून, नीट भरून काढलेली होती. बांबूला एक पेरसुद्धा काढलं होतं.

"बघ," बाबा कानाशी कुजबुजले, "घाईत तुझा बांबू मोडकाच राहिला होता. कंट्रोल केबिनमध्ये मंडळींना दाखवायला उघडलं, तेव्हा लक्षात आलं. म्हटलं, मोडक्या बांबूला कोण बक्षीस देणार? कळतंय तरी का जोडलेलं?"

तेवढ्यात परीक्षक आले, म्हातारेसे, हसतमुख. "झेला झकास काढलाय की पोरी! पण हे निळं काय म्हणायचं?"

"ते मी काढलं," बाबा छाती पुढे करून म्हणाले.

परीक्षकांनी चष्मा काढला. त्या मोकळ्या जागेचा अर्थ त्यांनी बाबांना शांतपणे समजावला आणि म्हणाले, "म्हणजे आमची शंका खरी. दुसऱ्याचा हात लागलेलं काम नियमात बसत नाही हो. बाजूला ठेवावं लागलं. वाईट वाटलं आम्हाला."

मी तिथंच भडकले. "बाबा, काय केलंत हे! तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" लोक वळून बघायला लागले. मला रडू आवरेना. बाबांच्या शर्टाच्या खिशाला तेच निळं पेन लावलेलं होतं. ते त्यांनी काढून पँटच्या खिशात घातलं.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. जून डोळ्यांसमोर दिसत होता. खडू, फळा आणि पोरांचा गलका. मलकापूरला त्यांनी चहा आणून दिला, तो मी रागानं थंड केला. आंबा घाट उतरताना माझ्या डोक्यात उजेड पडला. मी हरावं असंच त्यांना वाटत असतं, तर बांबू मोडका ठेवून ते गप्प बसले असते. त्यांच्या मते तो तसाच हरणार होता! स्वतःच्या अटीविरुद्ध, केबिनमध्ये, पट्टी लावून, हा माणूस मला जिंकवायला बसला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला पुन्हा रडू आलं. बाबांना वाटलं, अजून चिडलेय.

घरी पोचलो. आई दारातच. "काय झालं गो? बक्षीस?"

मी मान हलवली. बाबांनी चपला काढल्या, मधल्या खोलीत गेले, घसा खाकरला आणि स्टँडवरच्या सुरात पुकारलं, "डी.एड.ला जाणारी गाडी काही कारणानं रद्द करण्यात आलेली आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी!"

आई बघतच राहिली. "म्हंजे? तुमची अट मोडलीत?"

"मोडली," बाबा म्हणाले. "आणि ही मी जोडणार नाय."