घटना समजावणारा माणूस

फ्रान्समधल्या एका लहान गावात मी शिकत होतो, तेव्हा युरोपीय देशांच्या सामाईक राज्यघटनेवर मतदान व्हायचं होतं. शाळेच्या हॉलमध्ये एक अधिकारी तो जाडजूड मसुदा समजावून सांगायला आला होता. माझी घरमालकीण मार्त, सत्तरीची निवृत्त शिंपीण, उभी राहिली.

"मी हे दोनदा वाचलं, पण कळलं नाही. तुम्ही सगळं वाचलंय?"

तो हसला. "बाई, ते तज्ज्ञांनी वाचलंय. तुम्ही युरोपियन आहात, एवढं पुरे."

त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. माणसांना ओळख अशी वरून वाटून द्यायची नसते.

मतदानाच्या रविवारी मार्त विरोधात मत देऊन आली आणि स्वयंपाकघरात बसून राहिली.

"युरोप मला हवा होता रे," ती म्हणाली.