बॉयलरवर वाळवलेलं एन्झाइम

फेब्रुवारी २००७, बुधवार, सकाळी अकरा. इचलकरंजीतलं एक प्रोसेस हाउस, म्हणजे कापड धुऊन रंगवायचा कारखाना. हजर: मालक शिवाप्पाअण्णा, ब्लीचिंगचे मास्तर बाबालाल आणि कोल्हापूरच्या लॅबमधून आलेली मी.

टाकीत बुडवलेली चाचणीची पट्टी निळी झाली होती. पांढरी राहायला हवी होती.

कापड पेरॉक्साइडनं पांढरं करतात. ते थोडं जरी उरलं तरी पुढे रंग नीट बसत नाही, म्हणून गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतात. कॅटलेज नावाचं एन्झाइम उरलेलं पेरॉक्साइड फोडून टाकतं, धुणं वाचतं. पण एकदा वापरलं की गटारात जातं. आम्ही ते केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक लोह-ऑक्साइडच्या कणांवर बसवलं होतं. काम झालं की चुंबकानं कण ओढून घ्यायचे, पुन्हा वापरायचे. सोमवारी पहिली फेरी उत्तम झाली. आज दुसरी, आणि निळी पट्टी सांगत होती की पेरॉक्साइड तसंच उरलंय.

"मॅडम, तुमचं औषध एकदाच चालतंय व्हय?" अण्णांनी विचारलं.

मी सूचनांची यादी काढली. तापमान बरोबर. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, बरोबर. सोमवारी चुंबकानं ओढून घेतलेली कणांची सगळी भुकटी टाकलेली.

"मास्तर, दोन दिवस भुकटी कुठं होती?"

"बॉयलरवर," बाबालाल म्हणाले. "ओली ठिवली तर गंजंल की. लोखंड हाय न्हवं? चांगली कडकडीत वाळवली."

एन्झाइम हे प्रथिन. अंडं उकडलं की परत कच्चं होत नाही, तसंच हे फार तापलं की कायमचं निकामी. मी तेवढं सांगितलं.

अण्णा मास्तरांकडे वळले. "बावीस वर्सं झाली, अजून इचारून करायची अक्कल न्हाय. उद्यापास्नं यिऊ नगंस."

"वाळवू नका असं यादीत न्हवतं, अण्णा."

मी पुन्हा वाचली. चौदा सूचना. खरंच नव्हतं. लॅबमध्ये भुकटी कायम ओली, फ्रीजमध्ये असते. वाळवायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही, म्हणून कुणी लिहिलं नाही.

"चूक यादीची आहे," मी म्हणाले.

"यादी कुणाची?"

"माझी."

अण्णांनी निळी पट्टी माझ्या हातात दिली. "मग तुम्हीच यिऊ नगासा. मास्तर, गरम पाणी सोड जा."

तो लॉट जुन्या पद्धतीनं धुतला. मास्तरांची नोकरी राहिली, आमची चाचणी गेली. तेव्हापासून सूचना लिहून झाल्या की मी त्या कामगाराला देते आणि विचारते, यात नसलेलं तुम्ही काय काय कराल?

गेटपर्यंत बाबालाल सोडायला आले.

"ओली ठिवली असती तर किती येळा चालली असती, मॅडम?"

"लॅबमध्ये दहा वेळा चालली."

"लॅबचं सोडा. हितं?"

ते मोजायचं राहिलं आहे.