शिक्का कुणी मारायचा

आमच्या संग्रहालयाच्या दोन इमारती आहेत आणि मध्ये मोकळं अंगण. अंगणात चहाची टपरी, पाण्याचा नळ आणि संडास. तिथं कुणीही यावं, त्याला तिकीट नाही. एकाच तिकिटात दोन्ही इमारती. लोक तिकीट काढून पहिल्या इमारतीतली जुनी भांडी, हत्यारं, दगडी मूर्ती बघायचे, बाहेर येऊन चहा प्यायचे, तिकिटाची सुरळी करून कान कोरायचे आणि फेकून द्यायचे. मग दुसऱ्या इमारतीच्या दाराशी येऊन माझ्याशी भांडायचे.

त्या दाराशी मी बसायची. आधी मी इथं झाडलोट करत होते. गुडघे गेले तेव्हा साहेबांनी बसायचं काम दिलं. चौथीपर्यंत मराठी शाळा झालीय. कन्नड थोडं वाचता येतं, भांडता भरपूर येतं. तरी रोजच्या भांडणाला साहेब कंटाळले. म्हणाले, "अक्का, पैसे भरलेल्या माणसावर काहीतरी खूण पाहिजे री. लांबून दिसली पाहिजे."

पहिली खूण त्यांनीच ठरवली, ती म्हणजे मनगटाला लाल-पिवळा दोरा. स्वस्त मिळाला म्हणून बाजारातून गुंडीच आणली. आमच्या भागात मनगटाला दोरा नसलेला माणूस शोधावा लागतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. सौंदत्तीला देवीला गेले की दोरा, दर्ग्यात गेले की दोरा, पोराला ताप आला की दोरा. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ कोपरापर्यंत दोरेच दोरे घेऊन आले.

मी विचारलं, "यातला आमचा कुठला?"

"तुम्ही बांधलाय, तुम्हीच ओळखा."

एका आजीनं दोरा बांधून घेतला, नमस्कार केला आणि विचारलं, हा असेपर्यंत काय काय खायचं नाही? तिकीट खिडकीवर बसणारे अण्णा म्हणाले, "वांगं." ती बिचारी मान डोलावून गेली.

मग गोल लाल स्टिकर आले. ते पोरांनी दगडी देवीच्या कपाळावर लावले. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढं फुलं, तिसऱ्या दिवशी नारळ. साहेबांनी स्वतः ओल्या फडक्यानं देवीचं कपाळ पुसलं आणि तेवढा वेळ कुणी बघू नये म्हणून दार लावून घेतलं.

त्यानंतर कागदी पट्ट्यांची गोष्ट निघाली. जत्रेत पाळण्यात बसताना मनगटाला बांधतात तसल्या. साहेब खूश होते. "खिडकीवर अण्णाच देतील. रंग लांबून दिसतो. आत कोण जातंय ते गेटवरचा वॉचमन बघेल. मग दुसऱ्या दाराशी माणूसच नको."

माणूस म्हणजे मी.

मुलगा बेलूरला कारखान्यात कंत्राटावर आहे. इथंच सप्तापुरात आमच्या दोन खोल्या, भाड्याच्या. पुढच्या खोलीत सूनबाई दिवसभर शिकवण्या घेते. मी घरी राहिले की पडद्यामागं, गॅसजवळ, भिंतीला पाठ लावून बसायचं. खोकले तर पोरं हसतात, भांडं वाजलं तर सूनबाई पडद्यातून डोकं काढते. नुसतं बघते. गुडघ्याचं दुखणं वाढलं तेव्हा एक महिना तशी बसले होते. परत बसायचं नव्हतं.

म्हणून मी तोंड उघडलं. म्हटलं, "साहेब, पट्टी माणूस काढतो आणि दुसऱ्याला देतो. हातावर शिक्का मारा. तो काढून देता येत नाही."

"शिक्का अण्णा खिडकीत मारतील."

"खिडकीशी एक माणूस येतो आणि घरच्या सगळ्यांची तिकिटं काढतो. शिक्क्याला हात लागतो ज्याचा त्याचा. पहिल्या इमारतीतून बाहेर पडतात तिथं बसवा मला. तिकीट घेते, शिक्का मारते. दुसऱ्या दारात हात बघते."

अंगणाच्या एका कडेला दोन्ही इमारती व्हरांड्यानं जोडल्यात; दोन्ही दारं तिथंच, कोपऱ्यात शेजारी शेजारी आहेत. साहेबांनी विचार केला आणि हो म्हणाले. अण्णा खिडकीतून ओरडले, "अक्का, आता तुम्ही सरकार झालात!"

दोन दारांच्या मधल्या कोपऱ्यात टेबल बसवलं. ते एवढं घट्ट बसलं की मी आत शिरले की कुणीतरी ते ओढल्याशिवाय बाहेर पडता येईना. पहिला शिक्का चोरीला गेला म्हणून दुसरा साखळीनं टेबलाला बांधला. माझ्या जागी बसायला कुणी नाही, त्यामुळं संडासला जायचं तर अण्णांना खिडकी बंद करून यावं लागतं आणि बाहेर रांग लागली की लोक अण्णांच्या नावानं शंख करतात. मी पाणी पिणं कमी केलं. तक्रार कुणाकडं करायची? मागून घेतलेलं काम होतं.

हात बघून बघून मला कळायला लागलं, कुठल्या हातावर शाई बसते. शेतकऱ्याच्या बसत नाही, दोनदा दाबावं लागतं. लग्नाच्या दिवसांत मुलींच्या मेंदीवर शिक्का दिसतच नाही, मनगट उलटं करावं लागतं. बुरख्यातल्या बायका बिनतक्रार हात पुढं करतात, बाई आहे म्हटल्यावर. कॉलेजची पोरं कपाळावर मारा म्हणतात. कानडी माणसं हात देतात आणि जातात. मला कुणी काही विचारत नाही.

विचारलं ते मराठी बाईनं. हुबळीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, माणसं मूळची कोल्हापूरकडची. तिच्या मुलाला मी टेबलावरूनच मराठीत ओरडले, दाराजवळच्या मूर्तीला हात लावू नको म्हणून. ती हसतच आली.

"अय्या, तुम्ही मराठी? बरं वाटलं बाई. कुठल्या?"

"इथल्याच."

"मूळच्या?"

"निपाणीकडच्या."

"आमचं आजोळ तिथलंच की! आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं. आम्ही बौद्ध झालो माझ्या सासऱ्यांच्या काळात, आडनाव तेच राहिलं. तिचा हात तेव्हा मी धरलेला होता, शाई लावलेला शिक्का वर होता. हात आधी ताठ झाला, मग हळूच निघून गेला. ओढला असंही म्हणता येणार नाही.

"राहू दे री. तिकीट आहे की माझ्याकडं."

"तिकीट मी घेतलं. आत जायला शिक्का लागतो."

"मग इकडं द्या, मीच मारते."

मी शिक्का दिला. साखळी आखूड. तिला टेबलावर पार वाकावं लागलं, तेव्हा कुठं मनगट शिक्क्याखाली आलं. उलटा उमटला. तिनं मुलाला पण स्वतःच मारला आणि आत गेली.

त्या दिवसापासून मी टेबलावर मराठी बोलणं बंद केलं. समोर मराठी बोलणारं कुटुंब आलं की मी कानडीत "कै कोड्री" म्हणते, म्हणजे हात द्या. मराठीत कुणी काही विचारलं तर कळत नाही असं दाखवते. माझी भाषा ज्यांना येते, पुढचा प्रश्न त्यांनाच सुचतो.

पण ती बाई जाताना साहेबांना भेटून गेली होती. पुढच्या आठवड्यात तिचं महिला मंडळ येणार होतं, बस करून. साहेबांनी मला बोलावलं. अण्णांनी टेबल ओढलं, मी बाहेर आले.

साहेब म्हणाले, "अक्का, त्या बाईंना शाईनं खाज सुटली म्हणे. मंडळाच्या बायकांना शिक्का नको म्हणतात. आधी दोरा, मग स्टिकर, आता हे. कागदी पट्ट्याच घेतो आता. खरं सांगा, शाईचंच आहे ना? की आणखी काही?"

शाईनं खाज कुणालाच सुटली नव्हती. माझीच बोटं दिवसभर त्या शाईत असतात. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. साहेब माणूस वाईट नाही, त्यांना लाज वाटली असती, त्या बाईचा रागही आला असता. आणि मग ते म्हणाले असते, छे छे, अक्कांना असला त्रास नको, शिक्काच नको. पट्ट्या आल्या असत्या, मी घरी गेले असते. सांगितलं तर खुर्ची जाणार, नाही सांगितलं तर हात तसेच निघून जात राहणार.

अण्णा दारात उभे होते. त्यांना ठाऊक होतं. खिडकीतून व्हरांडा सगळा दिसतो.

मी म्हटलं, "शाईचंच आहे, साहेब. उन्हाळ्यात चुरचुरते."

"मग शाई बदलू. पट्ट्यांचं राहू दे." साहेबांना बरं वाटलं. मग माझ्या बोटांकडं बघून म्हणाले, "आणि तुम्ही हातमोजे घाला. दवाखान्यात असतात तसले. स्वच्छ दिसतं. लोकांना विश्वास वाटतो."

अण्णा म्हणाले, "साहेब, ह्या उन्हात मोजे?"

"तुम्हाला नाही घालायचे, अण्णा."

मंडळ आलं. नवी हिरवी शाई, पांढरे रबरी मोजे. दुकानवाली बाई सगळ्यांत पुढं होती. तिनं आपणहून हात पुढं केला. मी धरला, शिक्का मारला, तिनं तो उजेडात धरून बघितला आणि मागच्या बायकांना मराठीत म्हणाली, "बघा, आता कसं छान ठेवलंय." एकेक हात येत गेला. एकही मागं गेला नाही. मी कानडीत मोजके शब्द बोलले. एक जण दुसरीला म्हणाली, "ही बाई खडूस दिसते." ते मला कळलं.

तेव्हापासून तक्रार नाही. मोज्यांत घाम साचतो, बोटांच्या बेचक्यांतली साल निघते, रात्री खोबरेल लावून झोपते. मुलगा म्हणतो, आई, सोड आता. सूनबाई काही म्हणत नाही.

मागच्या आठवड्यात साहेब व्हरांड्यात येऊन उभे राहिले. ट्रस्टच्या बैठकीत ही पद्धत सगळ्यांना आवडली, आता हीच ठेवायची, असं म्हणाले. मोज्यांचा मोठा खोका मागवायचा होता, म्हणून विचारलं, "अक्का, साइज कुठला सांगू? मध्यम?"

मी म्हटलं, "मोठा सांगा. हात सुजतो."