ज्या बेटावर शालन उतरली नाही

शालन गेली ती मंगळवारी सकाळी. मी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि तिच्या भाच्याचा, विक्रमचा फोन आला. "मावशी, आत्या गेली," एवढंच तो म्हणाला. मी बरं म्हटलं, गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं... आणि तसं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. कारण त्याच्या आधी नऊ दिवस, मिरजेच्या दवाखान्यात, मी तिला विचारलं होतं, "शाले, मला माफ केलंस का गं?" तिनं नाकातली नळी सांभाळत मान माझ्याकडे वळवली. "न्हाई," ती म्हणाली. "लय परयत्न केला. न्हाई जमलं." मग तिनं नर्सला हाक मारली आणि उशी सरळ करून घेतली.

गेलेल्या माणसाचं मन मोठं होतं असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. शालनचं मन मोठं नव्हतं, आणि ते मोठं असावं असं म्हणायचा अधिकार तरी निदान मला नाही. तिला जाऊन दीड महिना झाला. सांगलीतले तिचे विद्यार्थी तिच्याबद्दल चांगलंचुंगलं लिहितायत, ते सगळं खरंच आहे. मी फक्त त्यांना ठाऊक नसलेलं लिहिते आहे.

आम्ही दोघी शिराळ्याजवळच्या एकाच गावच्या, एकाच वर्गातल्या. ती बौद्धवाड्यातली, मी पाटलांच्या आळीतली. रोज शाळेतून आम्ही बरोबर यायचो, पण आमच्या सोप्याच्या पायरीपाशी ती थांबायची आणि वळून जायची. ती आत का येत नाही हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही, इतकं ते मला माहीत होतं. नागपंचमीला आम्ही पोरी नटूनथटून जिवंत नागाला लाह्या वाहायचो, तेव्हा ही कडेला उभी राहून त्याच्या पोटावरचे खवले मोजायला बघायची. एकदा माझ्या चुलत्यानं तिला हटकलं, तर म्हणाली, "मी पुजत न्हाई आण्णा, मोजतीया." तिच्या वडलांनी घरातले देव नदीत सोडले त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिच्या घरात हळदकुंकू नव्हतं, ओटी नव्हती, नवस नव्हता.

पुढे ती प्राणिशास्त्र शिकली आणि सांगलीच्या कॉलेजात तीसेक वर्षं शिकवत राहिली. लग्न केलं नाही. मला माधवनगरात दिलं, नवरा फौजेत होता, तो निवृत्त झाला आणि चार वर्षांत गेलाही. त्यानंतर आमची गाठ पुन्हा घट्ट झाली. दर गुरुवारी मी विश्रामबागला तिच्याकडे चहाला जायची. ती मला पक्षी सांगायची, मी तिला भाऊबंदकी सांगायची. निवृत्त झाल्यावर एक दिवस तिनं जाहीर केलं की ती दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या जहाजावर जाणार आहे. पेंग्विन तिनं आयुष्यभर फळ्यावर काढले होते. त्यातली एक जात तिची खास लाडकी, हनुवटीखाली काळी दोरी बांधल्यासारखी रेघ असलेली. हे पेंग्विन एका ज्वालामुखीच्या बेटावर, उघड्या काळ्या चढणीवर हजारोंनी घरटी करतात, आणि जहाज तिथं थांबणार होतं. "तू बी चल," ती म्हणाली. "तितं बोलायला आपलं मानूस पायजे." मला पेंग्विनांचं काडीचं कौतुक नव्हतं. पण आपलं माणूस म्हटल्यावर गेले.

शेवटच्या बंदरातून निघाल्यावर दोन दिवस समुद्रानं आम्हाला सुपातल्या दाण्यांसारखं पाखडलं. आतडी बाहेर येतील अशा उलट्या. शालन माझ्या तोंडाशी बादली धरून बसायची, ओल्या फडक्यानं तोंड पुसायची, चमच्यानं पाणी पाजायची. त्या दोन दिवसांत तिनं माझं केलं तेवढं माझ्या मुलींनीही कधी केलं नाही. आणि मी काय केलं, तर नवस बोलले. आमच्याकडे कृष्णेला पूर आला की बायका घाटावर जाऊन कृष्णामाईची ओटी भरतात, म्हणजे पाणी उतरतं. मी मनात म्हटलं, समुद्रा, शांत हो, पहिल्या जमिनीवर पाय ठेवला की तुझी ओटी भरीन. माझ्या बॅगेत हळदकुंकू आणि मूठभर तांदूळ होते. ते मी घरून निघतानाच, असू द्यावेत म्हणून घेतले होते. तिसऱ्या सकाळी समुद्र शांत झाला.

त्या जहाजाचे नियम फार कडक. बेटावर काही न्यायचं नाही, तिथून काही आणायचं नाही. पेंग्विनांपासून पाच मीटर लांब राहायचं. बाहेरचं एक बी किंवा दाणा तिथं पडला तरी नुकसान होऊ शकतं, म्हणून उतरण्याआधी गमबूट ब्रशनं घासायचे आणि कोटाचे खिसे व्हॅक्यूमनं साफ करायचे. शालननं हे सगळं मला मराठीत दोनदा सांगितलं आणि शाळेतल्या पोरीसारखं माझ्याकडून वदवून घेतलं. मी हो हो म्हटलं. हळदकुंकवाची आणि तांदळाची पुडी ब्लाऊजमध्ये होती, तिथं कोण व्हॅक्यूम लावणार! निघताना माझा कोट दोन स्वेटरांवर चढेना, तेव्हा शालननं तिचा मला दिला आणि माझा तिनं घातला. जहाजानं दिलेले कोट ते, लाल, आणि प्रत्येकाच्या कॉलरमध्ये नावाची पट्टी.

किनाऱ्यावर केशरी चोचीचे पेंग्विन होते. शालन त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि बोटांवर मोजायला लागली. मी मागे राहिले. पुडी काढून कोटाच्या आतल्या खिशात घेतली, तिथंच ती फुटली. उरलेलं पाण्याच्या कडेला वाहिलं, हात जोडले आणि पुढे गेले. परतताना पाहते तर आमची वाटाडी, विशीतली एक मुलगी, गुडघ्यांवर बसून गोट्यांमधून तांदूळ वेचत होती, एकेक दाणा. एक पांढरा पक्षी तिच्या आधी टिपायला बघत होता आणि ती त्याला हातानं हुसकत होती. शेजारच्या दगडावर माझं कुंकू होतं.

संध्याकाळी सगळ्यांचे कोट तपासले गेले. एका कोटाचं आतलं अस्तर पिवळंधमक होतं आणि कॉलरवर शालनचं नाव. जहाजाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर मोहिमेच्या प्रमुखानं तो कोट वर धरला आणि हा कोणाचा, हे आत काय आहे, असं विचारलं. शालन त्या अस्तराकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या सूपच्या वाटीकडे पाहिलं. ती उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "कोट माझा आहे." पुढचं वाक्य माझं होतं आणि ती त्यासाठी उभी होती... बराच वेळ उभी होती. मी बोलले नाही. प्रमुखानं शांतपणे सांगितलं की या बाईंना आता पुढच्या कुठल्याही बेटावर उतरता येणार नाही.

खोलीत आल्यावर मी म्हटलं, उद्या सकाळी सांगते त्यांना. "उद्या कशाला?" ती म्हणाली. "आत्ता जिना चढ." मी म्हटलं मला इंग्रजी येत नाही, मला गरगरतंय, इतक्या लोकांत लाज वाटते. ती बूट काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या देवाचं, आन शिक्षा आमाला. नवीन काय हाय त्यात." त्यानंतर परतीच्या बंदरापर्यंत ती माझ्याशी मोजून तीनदा बोलली.

दुसऱ्या दिवशी ते ज्वालामुखीचं बेट आलं. मी सांगितलं का? नाही. रबरी बोटीच्या रांगेत उभी राहिले. लोक म्हणतील घाबरली असेल, तर घाबरले होतेच. पण त्याहून खरं ते सांगते. मला उतरायचं होतं. मी सांगितलं असतं तर मला उतरता आलं नसतं, आणि इतक्या लांब येऊन मला कोणी मागे ठेवावं हे मला सहन होत नव्हतं. शालनला मागे ठेवणं मात्र मला सहन झालं. लहानपणापासून ते मला सवयीचं होतं.

काळी वाळू, गंधकाचा वास, वर धुराची रेघ. कोणीतरी माझा फोटो काढला, त्यात मी हसते आहे. मग मी एका दगडावर बसले आणि जहाजाकडे बघत राहिले. डेकवर एक लाल ठिपका होता, तासभर तो हलला नाही. माझ्या पाठीमागे अख्खा डोंगर पेंग्विनांनी भरला होता, त्यांचा कलकलाट कानात मावत नव्हता. मी एकदाही वळून नीट पाहिलं नाही. परत गेल्यावर शालननं पहिल्यांदा तोंड उघडलं. "किती व्हते?"

"लय व्हते," मी म्हटलं.

"लय म्हंजी किती?" तिनं दुर्बीण पिशवीत ठेवली. पुढे वारा सुटला आणि जहाज आणखी कुठं थांबलंच नाही.

सांगलीला आल्यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं गुरुवारचा चहासुद्धा बंद केला नाही. फक्त शाळाशाळांतून, महिला मंडळांतून ती त्या प्रवासाचे फोटो दाखवायला जायची तेव्हा मला बरोबर न्यायची. ते काळं बेट पडद्यावर आलं की माईकवर म्हणायची, "इथं मी उतरले नाही. शोभाताई उतरल्या होत्या. त्या सांगतील." मी उभी राहायची आणि काहीबाही सांगायची. ते डोलत चालतात, पिलांना भरवतात, फार गोड दिसतात. पोरं टाळ्या वाजवायची. शालन पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे टक लावून ऐकायची. मलकापूरच्या एका शाळेत एका मुलीनं विचारलं, पिलं केवढी होती? मी हातानं दाखवलं. शालन माईक न घेता म्हणाली, त्या दिवसांत पिलं नसतात, अंडी असतात. चार वर्षं हे चाललं. मी एकदाही यायला नाही म्हटलं नाही, आणि तिनंही एकदाही बोलवायचं चुकवलं नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात विक्रमनं मला जहाजाबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दहा मिनिटं बोलले. पेंग्विनांचं सांगितलं, तिच्या जिद्दीचं सांगितलं, आम्ही दोघींनी बेटं पाहिली असं सांगितलं. लोकांचे डोळे भरून आले. जेवणं झाल्यावर विक्रम मला तिच्या खोलीत घेऊन गेला. त्यानं तिच्या टेबलावरची एक जाड वही माझ्या हातात दिली. "आत्यानं सांगितलं व्हतं, ही तुमाला द्यायची."

प्रवासाची नोंदवही होती ती, कॉलेजातल्या प्रयोगवहीसारखी आखलेली. ठिकाण, जात, संख्या, निरीक्षक. पहिल्या बेटाची नोंद होती, केशरी चोचीचे, एकशे सत्त्याऐंशी, निरीक्षक म्हणून तिची सही. डेकवरून पाहिलेले देवमासे, वादळी पक्षी, सगळं टाकानं लिहिल्यासारखं स्वच्छ. मग ज्वालामुखीचं बेट. जातीचं नाव होतं. संख्येचा रकाना कोरा होता. निरीक्षकाच्या रकान्यात तिनं माझं नाव लिहिलं होतं, लग्नाआधीचं, शाळेच्या पटावर होतं ते. आणि पुढे लाल शाईनं, गैरहजर.

विक्रम दाराशी उभा होता. मी त्याच्याकडे पेन मागितलं आणि त्या शब्दाच्या खाली सही केली.