दोन याद्या आणि नव्वद सुया

डॉक्टरांनी माझ्या छातीच्या एक्स-रेची प्लेट खिडकीच्या उजेडात धरली आणि उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकवली. "बाई, इथे कॅव्हिटी आहे."

कॅव्हिटी म्हणजे पोकळी. क्षयाचे जंतू फुफ्फुसाचा एखादा भाग खाऊन टाकतात, तिथे भोक पडते. माझे भोक चार आण्याच्या नाण्याएवढे होते. मी पिशवीतून वही काढली आणि लिहिले : १. भोक एक. २. उजवीकडे. ३. बरे होते का, विचारणे.

"बरं होतं," डॉक्टर म्हणाले. "पण औषध मोजून आणि न चुकता. यात हिशेबीपणा लागतो."

हिशेबीपणा माझ्यात होताच. तोच पुढे माझ्या जिवावर उठला. हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरात हा आजार आला आहे किंवा उद्या येईल, त्यांच्यासाठी. खोकला, वजन, सुया यांविषयी डॉक्टर सांगतीलच. डॉक्टर जे सांगत नाहीत, ते मी सांगते.

आम्ही अहेरीचे. आमचे हे एका ठेकेदाराकडे मुन्शी आहेत; वर्षभर लाकूड-बांबूच्या डेपोवर, वैशाखात तेंदूपाने गोळा करून मोजतात त्या मैदानावर, म्हणजे फळीवर. मी घरी शिवणाचे मशीन चालवते. एकच मुलगी, कुसुम, तेव्हा पंधरा वर्षांची. माझे वय एकेचाळीस. दिवाळीपासून खोकला होता, संध्याकाळी बारीक ताप यायचा, आणि कपडे माझे मलाच दोनदा शिवून लहान करावे लागले. मी त्याचा दोष आधी मशीनला दिला, मग कापडाच्या धुळीला. थुंकीत रक्ताचा धागा दिसला, तेव्हा संक्रांतीनंतर आम्ही चांद्याला निघालो. अहेरीहून मोटार, आष्टीच्या घाटावर डोंग्यातून वैनगंगा, पलीकडे दुसरी मोटार. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता.

डॉक्टरांनी साठ दिवस स्ट्रेप्टोमायसिन सांगितले. ही सुई कमरेत देतात. रोज एक. सोबत आयसोनायझिडच्या गोळ्या, त्या मात्र दीड वर्ष. सुईची एक कुपी दीड रुपयाला, म्हणजे साठ कुप्यांचे नव्वद रुपये. यांचा पगार ऐंशी.

हे बाहेर थांबले होते; किंमत न विचारता यांनी खिशातून पंचेचाळीस रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. "हे घे," एवढेच म्हणाले. आणखी आहेत का, हे मी विचारले नाही. आणखी लागतील का, हे त्यांनी विचारले नाही. आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली होती आणि इतक्या वर्षांत पैशाविषयी आमचे बोलणे "हे घे" च्या पुढे गेले नव्हते. पुरुषाने आणून द्यायचे, बाईने पुरवायचे. मागणाऱ्या बाईला आमच्याकडे 'हातची सैल' म्हणतात. मला कोणी तसे म्हटलेले नव्हते आणि त्याचा मला अभिमान होता.

पहिल्या दोन महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरांनीच दिल्या; पंचेचाळीस रुपयांत तीस कुप्या आल्या. मी त्या साठ दिवस पुरवल्या.

अहेरीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला सांगितले, डॉक्टरांनी एक दिवसाआड द्यायला सांगितली आहे. घरी भिंतीवर साठ चौकटींचा कागद लावला आणि रोज एका चौकटीत फुली मारली. हे डेपोवरून आले की चपला काढायच्या आधी त्या कागदाकडे बघायचे, मान डोलवायचे. खरी यादी वहीत होती, मशीनच्या खणात. तिच्यात तीसच फुल्या होत्या. खोटे लिहिते आहे असे वाटलेच नाही. मला वाटले, मी काटकसर करते आहे.

साठ चौकटी भरल्या तेव्हा ताप गेला नव्हता. चैत्र लागला होता. हे डेपोवर अडकलेले, म्हणून माझी मैत्रीण गिरजाबाई चांद्याला सोबत आली. तिचे घर आमच्या शेजारी. तिचा नवरा वामनभाऊ, आमचे हे आहेत त्याच डेपोवर मोजणीदार. क्षयाचे नाव ऐकून आळीतल्या दोघी-तिघींनी माझ्याकडे शिवायला टाकणे बंद केले होते. गिरजाबाई मात्र मोटारीत माझ्याच बाकावर बसली. "तोंडाले फडकं बांधून राह्यली ना तू? मंग सरक तिकडं," म्हणाली.

नवी प्लेट निघाली.  डॉक्टर जुनी आणि नवी शेजारी शेजारी धरून म्हणाले, "पोकळी वाढली आहे. सुया रोज घेतल्या?"

"रोज," मी म्हणाले.

"साठ?"

"साठ."

"मग औषध तुम्हाला लागू पडत नाही, असाच अर्थ होतो. नागपूरला पाठवावं लागेल. थोरॅकोप्लास्टी." मी विचारल्यावर त्यांनी सांगितले : त्या बाजूच्या काही फासळ्या कापून काढतात, म्हणजे छाती आत बसते आणि पोकळी दाबली जाते. "बाहेर बसा. मी चिठ्ठी लिहितो."

दवाखान्याच्या व्हरांड्यात लांब बाक होता. मी वही उघडली, '१. फासळ्या' असे लिहिले आणि पुढे काही सुचेना. गिरजाबाईला मी तीस सुयांचे सांगून टाकले. आवाज खाली ठेवून सांगितले. तिने काही आवाज खाली ठेवला नाही.

"काऊन वो शेवंताबाई? पैसे तं होते!"

"कुठे होते?"

"आमच्या घरी! मुन्शीभाऊनं ठेकेदाराकडून उचल घेतली ना, तुह्या आजारासाठी. दीडशे. तुले दिले त्यातले, बाकी एकशे पाच आमच्या पेटीत पडून हायेत पौषापासून."

 उचल म्हणजे मजुरीआधी घेतलेला पैसा. ती फिटेपर्यंत माणूस ठेकेदाराला बांधलेला. यांनी जन्मात उचल घेतली नव्हती. घेणाऱ्यांना हे नावे ठेवायचे.

"तू मला सांगितलं का नाही?"

"नवरा-बायकोच्या पैशात मी काऊन पडू?" गिरजाबाई म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "मले वाटलं, तुले माहीत असन. तू तं साऱ्याची यादी ठेवतं." मग तिने डोळे पुसले, माझा दंड धरून मला उठवले. "जा. अंदर जा अन् सांग त्याईले. फासळ्या तोडून घेतं का खोट्यापायी?"

मला आत जायला किती वेळ लागला, ते वहीत नाही. डॉक्टरांची अर्धी चिठ्ठी लिहून झाली होती. मी खरी यादी त्यांच्यासमोर ठेवली.

ते रागावले. रागावायलाच हवे होते. "बाई, अर्ध्या मारानं जंतू मरत नाही, शहाणा होतो," ते म्हणाले. याला रेझिस्टन्स म्हणतात : जंतूला औषधाची सवय लागते आणि मग पूर्ण मात्रेलाही तो दबत नाही. माझे जंतू शहाणे झाले की नाही, हे थुंकी नागपूरला पाठवून, तिच्यातले जंतू वाढवून बघावे लागणार होते. त्याला सहा आठवडे. "तोवर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. नव्वद सुया, रोज. आणि सगळ्या कुप्या आत्ताच घेऊन जा. मृग लागला की तुमचा घाट बंद. मध्ये खंड पडला, तर मग मी काही करू शकत नाही."

त्यांनी चिठ्ठी फाडली. एकशे पस्तीस रुपयांच्या कुप्या, तीसच्या गोळ्या. एकूण एकशे पासष्ट.

परतीच्या डोंग्यात बसून मी ठरवले, की आता कुजबुज नाही. तेंदूच्या फळीवर यांचे काम मी अनेकदा पाहिलेले होते. माणसे जंगलातून पाने आणतात, त्यांची पुडकी बांधून उघड्या मैदानावर रांगेने मांडतात. मुन्शी सर्वांसमोर मोठ्याने मोजतो, ज्याची पाने तोही मोजतो. वाद असेल तर तिथेच होतो. शंका घेऊन घरी कोणी जात नाही. हे आयुष्यभर दुसऱ्यांचा माल असा मोजत आले, आणि घरात आमचे पैसे शेजाऱ्याच्या पेटीत, माझी वही खणात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात चटई टाकली. यांना, गिरजाबाईला आणि वामनभाऊंना बोलावले. मी फडके बांधून चार हात लांब बसले. यांना तीस सुयांचे रात्रीच सांगितले होते. 

"फळीवर मोजता तसं मोजायचं," मी म्हणाले. "ज्याच्याजवळ जे आहे ते चटईवर. मोठ्यानं."

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "तू मांगितलं नाई. मले वाटलं, पुरून राह्यलं."

"तुम्ही सांगितलं नाही. मला वाटलं, नाहीत."

"उचल घेतली म्हणून कसं सांगू? दुसऱ्याले हसलो होतो मी."

"अन् मी मागू कशी? बावीस वर्षं मागितलं नाही म्हणून तर तुम्ही चारचौघांत माझं नाव घेता."

वामनभाऊ खाकरले. "भांडण अगोदर मोजाचं का पैसा?"

वामनभाऊंनी एकशे पाच रुपये चटईवर ठेवले. यांनी फळीवरच्या आवाजात मोजले. मग माझी पाळी होती. मी आतून गोधडी आणली, कात्रीने कड उसवली आणि चाळीस रुपये बाहेर काढले. कुसुमच्या लग्नाचे म्हणून आठ वर्षे शिवून ठेवलेले. तीस सुयांवर दिवस काढले, तेव्हा मी याच गोधडीवर झोपत होते.

यांनी माझ्याकडे पाहिले. ओरडतील असे वाटले. "तुही पेटी तं आमच्यापेक्षा पक्की," एवढेच म्हणाले, आणि गिरजाबाई इतकी हसली की शेळी दावे ओढायला लागली.

एकशे पंचेचाळीस झाले. वामनभाऊ लगेच म्हणाले, "बाकी माह्याकडून. पन्नास घ्या. वापस कराची घाई नाई."

"पन्नास कुठून आणता?" गिरजाबाई म्हणाली. "काल मीठ उधार आणलं."

"इज्जत काढतं का चारचौघांत?"

"चटईवर बसले ना आपण? मंग खरं बोला."

वामनभाऊंनी डोके खाजवले. "पंधरा. पंधरा होतीन."

"घाई नाही म्हणजे कधी?" मी विचारले. "महिना सांगा, मी लिहून घेते."

ते संकोचले. मग म्हणाले, पोळ्याला लागतील, बैलाच्या खरेदीचे देणे बाकी आहे. मी 'पोळा' लिहिले. तेव्हा माझ्या लक्षात आले, की घाई नाही हे त्यांनी प्रेमाने म्हटले असते, मीही ऐकले असते, आणि पोळ्याला दोन्ही घरे मनातल्या मनात कुढत बसली असती.

अजून पाच कमी होते. वहीत एक जुनी ओळ होती : सोमीबाई, नऊ रुपये. सोमीबाई आलापल्लीकडच्या जंगलातल्या गोंड गावची. बाजाराच्या दिवशी चारोळी आणि मोह घेऊन यायची. तिच्या मुलींची लुगडी-पोलकी मी वर्षभर शिवली होती आणि संकोचाने एकदाही मागितले नव्हते. त्या बाजारी मी तिला सरळ विचारले. ती रागावेल, असे वाटले होते.

"नऊ?" सोमीबाई म्हणाली. "मी दहा धरून होती. तू बोलत नाई, तं मले वाटे तू माह्यावर रागावून हाये. म्हणून मी तुह्या गल्लीतून येत नोती." तिने चारोळी विकून तिथेच नऊ रुपये दिले आणि वर मूठभर चारोळी माझ्यासोबत आलेल्या कुसुमच्या ओच्यात टाकली.

एकूण एकशे एकोणसत्तर. वरच्या चार रुपयांत यांचे मोटारभाडे निघाले. तिसऱ्या दिवशी हे नव्वद कुप्या भुशात रचून खोक्यातून घेऊन आले.

भिंतीवरचा कागद मी फाडला. नवीन लावायला गेले, तर हे म्हणाले, "कागद नको. मी येतो." डेपोवर जायच्या आधी हे रोज माझ्यासोबत दवाखान्यात आले. कंपाउंडरने सुई टोचली की दारातून हे फळीवरच्या आवाजात आकडा पुकारायचे. "एक!" पहिल्या दिवशी व्हरांड्यातली माणसे दचकली. आठवड्याने ओळखीच्या बाया विचारू लागल्या, "आज किती वो बाई?" वैशाखात यांना फळीवर राहावे लागले, तेव्हा गिरजाबाई येऊन पुकारायची, यांच्याहून मोठ्याने.

दिवस चांगले नव्हते. चाळिसाव्या सुईनंतर डावा कान वाजू लागला. हा या औषधाचाच त्रास; डॉक्टरांनी पत्राने मात्रा थोडी उतरवली, पण थांबवली नाही. तो कान अजून वाजतो.

ज्येष्ठात नागपूरचे उत्तर आले. डॉक्टरांनी पोस्टकार्डावर दोन ओळी लिहिल्या होत्या : जंतू औषधाला अजून दबतात. तुम्ही वेळेवर बोललात. मी ते कार्ड यांना मोठ्याने वाचून दाखवले, मग गिरजाबाईला. तिने ते उलटे धरून पुन्हा ऐकवायला लावले.

नव्वदावी सुई आषाढात झाली. घाट केव्हाच बंद झाला होता, पण खोके घरात होते. कार्तिकात प्लेट काढली. पोकळी मिटली होती, तिथे पांढरा व्रण होता. गोळ्या पुढे दीड वर्ष घेतल्या. वामनभाऊंचे पंधरा रुपये पोळ्याच्या आदल्या दिवशी दिले. उचल फिटायला यांना दोन हंगाम लागले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अंगणात चटई पडते. आता कुसुमही बसते. लग्नासाठी किती आहेत आणि किती नाहीत, हे तिला माहीत आहे.

तुमच्या घरी हा आजार आला तर थुंकीसाठी वेगळे भांडे ठेवा, त्यात फिनेल टाका, अंडी आणि दूध चुकवू नका. पण मोटारीत बसायच्या आधी नवऱ्याला, बायकोला, ज्या मित्रावर जीव आहे त्याला समोर बसवून विचारा, पैसे किती आहेत. आणि तुमच्याजवळ किती आहेत, ते आधी सांगा. थोडी लाज वाटेल. ती फासळीपेक्षा स्वस्त आहे.

दवाखान्यावरून जाताना व्हरांड्यातली एखादी म्हातारी अजून मला हटकते, "आज किती वो बाई?" मी त्या दिवशी घरात जेवढे रुपये असतील, तेवढे सांगते.